फुगा ‘कॉस्मेटिक’ नसतो

प्रश्न: मावशी, नमस्कार. आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ कॅन्टनला राहतो. घरात मी, नवरा आणि नऊ व सहा वर्षांची दोन मुलं. उन्हाळ्यात सांगलीहून सासू-सासरे येतात, ते अडीच-तीन महिने असतात. मोटेलची बिलं भरून कंटाळलो, म्हणून यंदा जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं ठरलंय. गाडी होंडा पायलट, ऑल व्हील ड्राइव्ह. दोन ट्रेलर बघून ठेवलेत, लांबीला सारखेच. पहिला २०१९ चा, बाहेरून नालीदार ॲल्युमिनियमचा पत्रा, एका रिटायर्ड जोडप्याचा, १३,५०० डॉलर. दुसरा २०१७ चा, गुळगुळीत फायबरग्लासचा, डीलरकडे, १८,००० डॉलर. दुसरा दिसायला फारच छान आहे. फक्त मागच्या खिडकीखाली ताटलीएवढा फुगवटा आहे, पण डीलर म्हणतो तो ‘कॉस्मेटिक’ आहे, आत काही झालेलं नाही. नवऱ्याचा कल फायबरकडे. त्याचं म्हणणं, लाकूड कुजतं, फायबर कुजत नाही, विकताना किंमतही येते, आणि ॲल्युमिनियम घ्यायचं तर एअरस्ट्रीम कंपनीचंच घ्यावं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, “पत्र्याच्या डब्यात झोपवणार का आम्हाला? पाऊस आला तर डोकं उठेल.” ट्रेलर वर्षभर ड्राइव्हवेवर, बर्फात उभा राहील. काय घेऊ?
– पत्र्यात अडकलेली भाची

भाचीबाई,

मावशी म्हणालीस, तेव्हा अरेतुरेच करते. आणि उत्तर आधी देऊन टाकते, कारण येत्या शनिवारी तुम्ही परत त्या डीलरकडे जाणार याची मला खात्री आहे. तो १८,००० वाला घेऊ नका. त्याने दोन हजार कमी केले तरी नाही, तीन केले तरी नाही. पत्र्याचा घ्या, पण आधी मी सांगते तसा तपासून. तपासणीत नापास झाला तर तोही सोडा आणि थांबा. ऑक्टोबरात मिशिगनमध्ये ट्रेलर विकणारे पुष्कळ निघतात. बर्फ पडायच्या आत ड्राइव्हवे मोकळा करायची घाई त्यांना असते, तुम्हाला नसते.

आता कारण. तुझ्या नवऱ्याने ‘लाकूड कुजतं, फायबर कुजत नाही’ म्हटलंय ना, तिथेच सगळी गडबड आहे. ट्रेलरच्या बाबतीत या नावांनी भले भले फसतात. ज्याला आपण ॲल्युमिनियमचा ट्रेलर म्हणतो तो मुळात लाकडाचा असतो. दीड-दीड इंचाच्या पट्ट्यांचा सांगाडा, मधल्या पोकळीत घराच्या भिंतीत असतो तसला गुलाबी कापूस, आतून पातळ प्लाय आणि बाहेरून पन्हळीचा पत्रा. पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून स्टेपलने लाकडाला ठोकलेल्या असतात. आणि फायबरग्लासचा म्हणतो त्याचा सांगाडा बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा असतो! नळ्यांच्या मध्ये थर्माकोलचे ठोकळे बसवतात, दोन्ही बाजूंना डिंक लावून पातळ प्लाय चिकटवतात आणि बाहेरच्या प्लायवर फायबरग्लासची गुळगुळीत शीट. मग सगळं एकत्र दाबतात, कुठे रोलरखालून काढून, कुठे वर प्लास्टिक अंथरून आतली हवा पंपाने ओढून घेऊन. एल्खार्टला, इंडियानात, हे काम मी समोर उभी राहून पाहिलं आहे. पुरी लाटावी तशी भिंत सपाट होऊन बाहेर येते. मान्य करते, बघायला फार देखणं असतं ते.

बाहेरच्या शीटखालचा तो प्लाय, लुआन म्हणतात त्याला, जाडीला जेमतेम आठवा भाग इंच असतो. म्हणजे तीन मिलिमीटर. तेही लाकूडच. फायबर कुजत नाही हे खरं, पण फायबर ज्याला चिकटलंय ते कुजतं.

तुमच्या सांगलीच्या घरी स्वयंपाकघरात सिंकखालचं कपाट असेलच. त्याच्या दाराची खालची कड आठव. पाणी लागून लागून प्लाय फुगतो, आधी सनमायकाचा कोपरा उचलला जातो, मग मध्ये फुगा येतो, आणि बोटाने दाबला की कच्च्या पापडासारखा ‘टक’ वाजतो. सनमायकाला काहीही झालेलं नसतं. धुतला-पुसला तर नव्यासारखा चमकतो. तुमच्या त्या खिडकीखालच्या फुगवट्यात नेमकं हेच चाललंय. खिडकीच्या चौकटीचं सील कधीतरी सुटलं, पाणी आत उतरलं, लुआन भिजलं, डिंकाने सोडलं आणि शीट पुढे आली. या प्रकाराला इथे डिलॅमिनेशन म्हणतात, थर सुटणं. ‘कॉस्मेटिक’ हा शब्द डीलरचा. आता ताटलीएवढा आहे, दोन हिवाळ्यांत परातीएवढा होईल, कारण आत शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाटच नसते. एका बाजूला फायबर, दुसऱ्या बाजूला थर्माकोल. त्यात तुमचा मिशिगनचा थंडीवारा. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. सुटलेल्या थरात गोठतं, थर आणखी सोडवतं, मार्चमध्ये वितळून थोडं पुढे सरकतं, रात्री परत गोठतं.

बरं, दुरुस्त करावं म्हटलं तर? कोणी सांगेल की भोकं पाडून इपॉक्सी भर, वरून फळी दाबून ठेव. लहान आणि पूर्ण कोरडा फुगा असेल तर कधीकधी जमतं. ओला असेल तर डिंक धरत नाही, आणि ताटलीएवढा झालेला फुगा बहुतेक वेळा ओलाच असतो. खरी दुरुस्ती म्हणजे शीट काढणं. ही शीट ट्रेलरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असते. जोड नसतो हेच तिचं देखणेपण आणि हीच तिची गोची. एका ताटलीसाठी सगळ्या खिडक्या, दार, दिवे, कोपऱ्याच्या पट्ट्या, ऑनिंग (बाहेरचं गुंडाळायचं छप्पर), सगळं उतरवावं लागतं. बिल हजारांत जातं, आणि जुन्या ट्रेलरला ते पुष्कळदा ट्रेलरच्या किमतीच्या वर जातं. विमा कंपनी बहुधा ‘हळूहळू झालेलं नुकसान’ म्हणून हात वर करते.

विकताना किंमत येते म्हणतोय ना नवरा? येते, फुगा नसलेल्याला. तुम्ही फुग्यासकट विकायला निघालात की समोरचा गिऱ्हाईक हीच चर्चा करेल, आणि तेव्हा ‘कॉस्मेटिक’ म्हणायची पाळी तुमच्यावर येईल.

आता पत्र्याची बाजू घेते तर पत्र्याची चहाडीही करायला हवी.

आमचा पहिला ट्रेलर पत्र्याचाच होता. ओहायोत, क्लीव्हलंडच्या बाजूला राहायचो. २००६ मध्ये एका डीलरकडून घेतला, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. बाहेरून ठणठणीत, पांढरा पत्रा, वर निळी पट्टी, एक पोचा नाही. नवऱ्याने टायर पाहिले, मी गॅसची शेगडी पाहिली (चौथा बर्नर मिळणार का, हा माझा तेव्हाचा मुख्य प्रश्न!) आणि पैसे मोजले. दुसऱ्या उन्हाळ्यात चादरी वाळवायला म्हणून पुढच्या बेडवरची गादी उचलली, तर कोपऱ्यातल्या भिंतीवर चहाच्या कपाखाली उमटतं तसं तपकिरी वर्तुळ. सहज अंगठा लावला. अंगठा आत गेला. चहात बुडवलेलं मारी बिस्किट जसं धरवत नाही, तशी ती भिंत.

बाहेरून कोपऱ्याची ॲल्युमिनियमची पट्टी काढली. तिच्या खोबणीत एक लांबलचक प्लास्टिकची फीत असते, स्क्रू झाकायला. ती ओढली तेव्हा मधे मधे तुटली. खालचे स्क्रू फिरवायचीही गरज पडली नाही, चिमटीने निघाले, कारण ते ज्यात बसवले होते ते लाकूडच उरलं नव्हतं. पट्टीखालची पुट्टी टेप वाळून दोन दिवसांच्या कणकेसारखी झाली होती. आत दीड इंची लाकडाचा भुगा, गंजलेले स्टेपल, आणि गुलाबी कापूस काळा पडलेला. एवढं सगळं आत, आणि बाहेरचा पत्रा मात्र जसाच्या तसा, दिमाखात उभा.

ही पत्र्याची खोड आहे. फायबर निदान फुगून सांगतं तरी. पत्रा काही सांगत नाही. आतलं लाकूड पार जाईपर्यंत तो चेहरा पाडत नाही.

पण पुढचं ऐक. तो कोपरा आम्ही दोघांनी गराजमध्ये तीन शनिवार-रविवारांत दुरुस्त केला. नवरा कापायचा, मी मोजायचे. होम सेंटरमधून दीड इंची पट्ट्या आणल्या, कुजलेलं कापून टाकलं, नवीन जोडलं, कापूस बदलला, नवीन ब्यूटिल टेप (पाणी अडवणारी चिकट पट्टी) लावून कोपऱ्याची पट्टी परत चढवली. सगळं मिळून दीडशे डॉलरच्या आत. आम्हा दोघांपैकी सुतार कोणीही नाही. फायबरच्या भिंतीला हे करून दाखवा म्हणावं. तो ट्रेलर पुढे नऊ वर्षं वापरला, आणि विकताना घेणाऱ्याला तो कोपरा स्वतः दाखवला.

तेव्हा माझं म्हणणं असं की पत्रा की फायबर हा प्रश्न बाजूला ठेव आणि पाणी कुठून शिरतंय ते बघ. गळती दोन्हींत होते. शिरण्याच्या जागाही त्याच: छताच्या कडा, कोपऱ्याच्या पट्ट्या, खिडक्या, वरचे छोटे मार्कर लाइट, छतावरचे व्हेंट, शिडीचे स्क्रू, आणि स्लाइड-आउट, म्हणजे बाहेर सरकणारा भिंतीचा भाग, असेल तर त्याचे वरचे दोन कोपरे. फरक फक्त शिरल्यानंतर काय होतं यात.

रिटायर्ड जोडप्याकडे जाशील तेव्हा आदल्या दिवशी पाऊस झालेला असेल तर उत्तम. डॉलर तीस-चाळीसचा ओलावा मोजायचा मीटर घे, दोन सुया असलेला. बिनसुयांचा नको, तो मागे धातू आला की भलतंच दाखवतो. सुयांची बारीक भोकं पडतात, म्हणून आधी विचार, आणि गादीखाली, कपाटाच्या आत अशा न दिसणाऱ्या जागी टोच. लाकडात पंधरा टक्क्यांच्या आत आकडा असेल तर छान. विसाच्या वर गेला की तिथे पाणी आहे असं समज. एकाच आकड्यावर भरवसा ठेवू नकोस, कोरड्या दिसणाऱ्या मधल्या भिंतीचा आकडा आधी घे आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघ. पुढचे दोन्ही खालचे कोपरे, मागचे दोन्ही खालचे कोपरे, प्रत्येक खिडकीची खालची कड, वरच्या कपाटांत छत आणि भिंत मिळते ती रेघ.

नाक वापर. दार उघडल्या उघडल्या आत शिर, त्यांनी खिडक्या उघडायच्या आधी. चिपळूणला आमच्या माहेरी जुलैत कपाट उघडलं की येतो तो वास ओळखायला मला मीटर लागत नाही, तुलाही लागणार नाही. आत जाताच लव्हेंडरचा घमघमाट आला तर दुप्पट सावध हो.

मग अनवाणी चाल. हो, बूट काढून. दारापाशी, सिंकसमोर, टॉयलेटच्या भोवती, बेडच्या पायथ्याशी. जमीन पायाखाली दबते का ते तळव्याला कळतं, बुटाला कळत नाही.

आणि एक युक्ती, जी मला एल्खार्टच्या एका म्हाताऱ्या कारागिराने सांगितली. विक्रेत्याची परवानगी घेऊन पुढच्या वरच्या कोपऱ्यातला एक मार्कर लाइट काढायचा. दोन स्क्रू असतात फक्त. दिवा बाजूला केला की पत्र्याला वायरपुरतं भोक दिसतं, त्यातून टॉर्च मारायचा. आतलं लाकूड नव्या फळीसारखं पिवळसर आहे, की काळपट डागांचं, की भुसा? बाहेरून कधीच न दिसणारी भिंत त्या भोकातून दिसते. “नको, हात लावू नका” असं कोणी म्हणालं तर आभार मानून निघायचं.

परत जाऊन फायबरवाला बघायचाच झाला (नवऱ्याची समजूत पटावी म्हणून मी म्हणेन, जाच), तर संध्याकाळी जा. टॉर्च भिंतीला चिकटवून, उजेड भिंतीवरून सपाट धावेल असा धर, आणि एका टोकाला डोळा लावून बघ. दुपारच्या उन्हात दिसला तो एक फुगा. तिरप्या उजेडात आणखी किती दिसतात ते मोज आणि मला कळव. पैज लावते, एकाहून जास्त निघतील.

हे वाचून मी फायबरच्या विरुद्ध आहे असं वाटेल. नाही गं. आमचा आताचा ट्रेलर फायबरचाच आहे! पण त्यात लुआन नाही. काही कंपन्या प्लायच्या जागी ॲझडेल नावाची शीट वापरतात, पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक आणि काचतंतू यांची. व्हर्जिनियात बनते. तिच्यात लाकूडच नसल्याने कुजत नाही, फुगत नाही. गळती लागली तर पाणी आत येतंच, जमीन खराब होऊ शकते, पण भिंतीचं पोट सहसा सुटत नाही. पुढे कधी नवीन घ्याल किंवा चांगला जुना शोधाल, तेव्हा विचार, “भिंतीत ॲझडेल आहे का? दोन्ही बाजूंना, की फक्त बाहेरच्या?” विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस, त्या वर्षाचं कंपनीचं माहितीपत्रक बघ. आणखी एक जात असते ती अंड्यासारख्या छोट्या ट्रेलरची, मिनेसोटाचा स्कॅम्प, टेक्ससचा कसिटा. अख्खं शरीर फायबरच्या दोन अर्ध्या साच्यांचं, मध्ये करंजीच्या कडेसारखा एक जोड. भिंतीत चिकटवलेले थरच नसतात, त्यामुळे सुटायलाही काही नसतं. पन्नास वर्षांपूर्वीचेही रस्त्यावर दिसतात. पण तुम्ही सहा जण. त्यात सासूबाई झोपल्या तर सासरे बाहेर खुर्चीवर.

एअरस्ट्रीमचं म्हणशील तर ते ॲल्युमिनियम वेगळं आणि तुमचं वेगळं. एअरस्ट्रीमला लाकडी सांगाडा नसतो. ॲल्युमिनियमच्याच कमानींवर पत्रा रिव्हेट मारून बसवतात आणि तो पत्राच विमानाच्या अंगासारखा भार उचलतो. आपल्या जुन्या एसटीच्या गाड्या आठव, दापोडीच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमची बॉडी बांधलेल्या. जात तीच, फक्त इथे पॉलिश जास्त. ओहायोत जॅक्सन सेंटरला १९५२ पासून त्या बनतात. किंमत बघून नवऱ्याला पाणी प्यायला दे. आणि जुन्या एअरस्ट्रीमची प्लायची जमीन कडेने कुजते ती कुजतेच, त्यांच्या दुरुस्तीवर आयुष्य वेचणारे लोक मी पाहिलेत.

सासूबाईंना सांग की पाऊस पत्र्यावर पडणारच नाही. भिंती पत्र्याच्या, छत नाही. अलीकडच्या दोन्ही प्रकारच्या बहुतेक ट्रेलरना छताला प्लायवर रबराची किंवा तसल्याच प्लास्टिकची चादर ओढलेली असते. पावसाचा आवाज दोन्हींत जवळपास सारखा येतो, आणि तो कौलांवरच्यापेक्षा वाईट नाही. वाईट आवाज अक्रोडांचा. ओक आणि अक्रोडाच्या झाडाखाली सप्टेंबरात ट्रेलर लावू नका, रात्रभर कोणीतरी दगड मारतंय असं वाटतं.

गारांनी पत्र्याला पोचे पडतात, हे खरं. तुम्ही कोलोराडोत नाही आहात, सोडून दे. पोचा पडलेला पत्रा गळत नाही. एखादी पट्टी फाटलीच तर तेवढी बदलता येते, शेजारच्या सोडवाव्या लागतात एवढंच, आणि नव्या पट्टीचा रंग जुन्या उन्हात उतरलेल्या रंगाशी जुळत नाही. फायबरला मेण घासावं लागतं, नाहीतर चमक जाऊन खडूसारखी भुकटी हाताला लागते. हे सगळं किरकोळ.

किरकोळ नाही ते म्हणजे तुमची पायलट, आणि हे तू विचारलंही नाहीस. ऑल व्हील ड्राइव्ह पायलटची ओढायची मर्यादा ५,००० पाउंड सांगतात. ट्रेलर हलका आहे असं विक्रेता म्हणतो तेव्हा तो रिकाम्याचं वजन सांगत असतो. त्यात बॅटरी, गॅसच्या टाक्या, पाणी (एका गॅलनला सव्वाआठ पाउंडांच्या वर, म्हणजे तीस गॅलनची टाकी भरली की अडीचशे), अंथरुणं, सायकली, कुकर, आणि सासूबाईंनी सोबत आणलेलं मेतकूट-भाजणीचं पोतं मिळव. ट्रेलरच्या भिंतीवर पुढच्या बाजूला स्टिकर असतो, त्यावरचा सगळ्यात मोठा आकडा, म्हणजे भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन, तो बघ. तो ५,००० च्या बराच आत हवा. भरलेल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार ‘हिच’वर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडावर आणि पर्यायाने गाडीच्या पाठीवर येतो. साडेचार हजाराचा ट्रेलर धरला तर ४५० ते ६७५ पाउंड. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर आहे, माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर नको असं सांगणारा. चार मोठी माणसं आणि दोन मुलं म्हणजे सहज सातशेच्या वर, त्यात हिचचा भार, त्यात डिकीतलं सामान. वहीत मांडून बघ. माझा हिशेब असा की सासू-सासरे असतील तेव्हा दुसरी गाडी न्यावी लागेल, मग ट्रेलर पत्र्याचा असो की फायबरचा. फायबरवाला नेहमी हलका असतो हेही ऐकशील, तसा काही नियम नाही. दोन्ही स्टिकर शेजारी ठेव. मॅकिनॉच्या पुलावर वारा सुटलेला असताना हा हिशेब चुकल्याचं कळणं बरं नव्हे. आम्हाला एकदा कळलं होतं, पाच मैल मी डोळे मिटून घेतले होते. गाडी नवरा चालवत होता, म्हणून जमलं.

आणि घराच्या असोसिएशनचे नियम वाचलेस ना? ड्राइव्हवेवर ट्रेलर ठेवू देत नाहीत अशा वसाहती तुमच्या भागात पुष्कळ आहेत. आधी वाच, नाहीतर दर महिन्याला स्टोरेजचं भाडं धरून चाल.

घेतलात तर वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, शिडी लावून छत बघायचं. व्हेंटभोवतीच्या सीलंटला भेग दिसली तर साफ करून तिथे रबरी छताला चालणारं, आपोआप पसरणारं लॅप सीलंट भरायचं. सिलिकॉन नको, एकदा लावलं की पुढे त्यावर काहीच धरत नाही. कोपऱ्याच्या पट्टीतली प्लास्टिकची फीत आखडून आत गेली असेल तर बदलायची. तिची गुंडाळी स्वस्त मिळते, आणि ती आखडली की स्क्रूंवरून पाणी सरळ आत जातं. हिवाळ्यात निळी ताडपत्री टाकू नका. वाऱ्याने फडफडून रंग घासते आणि खाली दमट धरते. हवा जाऊ देणारं कव्हर घ्या, नाहीतर उघडा ठेवा आणि बर्फ साचला की मऊ ब्रशने ओढा. फावडं मारायचं नाही. छताला भोक पाडलेले दोघे माझ्या ओळखीचे आहेत, दोघेही इंजिनियर.

जोडप्याच्या १३,५०० बद्दल मी काही बोलत नाही, मला ट्रेलर दिसत नाहीये. सगळं कोरडं निघालं आणि टायर सहा-सात वर्षांचे असले तर टायरचे पैसे कापून माग. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो, शेवटचे दोन आकडे वर्षाचे. २२१९ म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. रिटायर्ड जोडप्यांचे टायर बघायला गेलं तर नक्षी नवीकोरी आणि रबर म्हातारं असतं.

मार्कर लाइट काढशील तेव्हा ते दोन स्क्रू खिशात ठेव, गवतात ठेवू नकोस. आणि दिवा परत बसवण्याआधी त्याच्या मागे ब्यूटिल टेपचा तुकडा लाव, घरून घेऊन जा. ट्रेलर घ्या अगर न घ्या, दुसऱ्याच्या भिंतीत आपण पाणी सोडून यायचं नाही.

तुझी,
मावशी